अंबाड्याची रेघ

सोमवारी सकाळी सव्वादहाला मी तपासणीच्या कागदावर शून्य लिहिलं आणि सकिनाबींची मान गेली.

डोकं जागच्या जागी होतं, खांदेही होते. मधली चार बोटं जागा तेवढी मोकळी झाली आणि तिथून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसू लागलं. सकिनाबींनी त्या मोकळ्या जागेवरून पदर घेतला आणि म्हणाल्या, "आता दुखत न्हाई बघा, डॉक्टरीनबाई." त्या खोटं बोलत नव्हत्या. पुढच्या बाईला आत पाठवून त्या घरी गेल्या.

मी डॉ. मेघना वाळवेकर. यंत्रमागांच्या या गावातल्या रुग्णालयात नऊ वर्षं एकच अभ्यास करते आहे. मागासाठी सुताच्या कांड्या भरत, शिलाईवर वाकून, मागापाशी उभ्या राहून बायकांचे सांधे नि स्नायू का दुखतात आणि ते पुन्हा चालते कसे करायचे, हा. दोनशे बारा बायका माझ्या यादीत आहेत. दर महिन्याला प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा : शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, तर आज किती? आकड्यात उत्तर देणारी बाई मला अजून भेटायची आहे. कुणाला ठणका लागलेला असतो, कुणाला कळ येते, चमक भरते, उसण भरते, नुसतीच कसकस असते. मी त्याचा आपला सहा नाहीतर सात करून घेते आणि मूळ शब्द समासात बारीक अक्षरात लिहून ठेवते. समास कुणी वाचत नाही म्हणून तिथे मला मोकळं वाटतं.

त्या सोमवारी गर्दी होती आणि माझं डोकं फिरलेलं होतं. मी विचारलं, "काय होतंय?" सकिनाबी म्हणाल्या, "काही न्हाई." आणि मी शून्य लिहिलं.

मगदूम सर आमच्या विभागाचे प्रमुख. त्यांनी तो कागद खिडकीच्या उजेडात धरून पाहिला.

"नऊ वर्षांत पहिलं शून्य," ते म्हणाले. "अभिनंदन, वाळवेकर मॅडम."

"सर, त्यांची मान गेलीय."

"दुखणं गेलं ना?"

"मानेसकट."

"गुरुवारी आपला निकाल बघायला समिती येतेय. दुखणं कशासकट गेलं, असा रकाना आपल्या तक्त्यात नाही."

त्याच दुपारी सरांनी स्वतःच्या पाठीचं शून्य स्वतःच लिहून घेतलं. वीस वर्षांची पाठदुखी पेनाच्या एका गोलात संपली. मंगळवारपासून शिपाई त्यांना कोटासकट खांद्यावर टाकून आणायचा आणि माझ्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवरल्या खुंटीला अडकवायचा. सरांना कणा नाही, असं आमच्याकडे पूर्वीही म्हणायचे, पण तेव्हा ती नुसती निंदा होती. आता ते खुंटीवर शांत लोंबकळत असत आणि पूर्वीपेक्षा चांगले दिसत. कागद त्यांनी स्वतःकडे घेतले. बाई समोर आली की विचारायचे, "काय होतंय, ताई?"

"काही न्हाई, साहेब."

साहेबांपुढे तर बायका हे आणखी पटकन म्हणतात. मंगळवारी दुपारपर्यंत अठ्ठेचाळीस शून्यं झाली. मनगटं गेली, गुडघे गेले, कंबरा गेल्या. बायका आपापल्या पिशव्या उचलून निघाल्या. ज्यांचे गुडघे गेले होते, त्यांच्या पोटऱ्या मागून जरा उशिरा चालत होत्या.

आमच्या रुग्णालयात खोली दुखण्याच्या मापाने मिळते. हा जुना नियम आहे आणि मला तो रास्तही वाटत आला होता. सोमवारी माझी खोली चाळीस फूट लांब होती. मंगळवारी दुपारी मी टेप लावला तेव्हा ती एकतीस भरली. दारासमोरची व्यायामाची भिंत, सरांसकट, दाराकडे सरकत होती. आवाज येत नव्हता. न वापरलेला सांधा आखडतो तशीच ती आखडत होती, जरा जरा, कुणाच्या लक्षात न येता.

त्या भिंतीवर आनसाबाईंच्या रेघा होत्या.

आनसाबाई उरुणकर, वय त्रेसष्ट, चाळीस वर्षं कांड्या भरलेल्या. उजवा खांदा असा धरला होता की हात छातीच्या वर जात नव्हता. पहिल्या दिवशी मी विचारलं, "तुम्हाला काय करता आलं पाहिजे?" सगळ्या सांगतात, काम करता आलं पाहिजे. आनसाबाई म्हणाल्या, "माझा अंबाडा मला घालता आला पायजे. सून घालती, पर अशी वढती जणू बैल बांधाय लागलीया."

मग आम्ही भिंतीला लागलो. भिंतीसमोर उभं राहायचं, दोन बोटं टेकवायची आणि ती बोटं चालवत वर न्यायची, जिथे खांदा अडेल तिथे थांबायचं. तिथे मी पेन्सिलीने रेघ मारायची आणि तारीख घालायची. हनुवटीपासून सुरुवात केली होती. चौदा महिन्यांत रेघा कपाळाच्याही वर गेल्या. सगळ्यात वर मी लाल पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवली होती. बोटं तिथे टेकली की हात डोक्यामागे जातो, हे मी मोजून काढलं होतं. आम्ही दोघी तिला अंबाड्याची रेघ म्हणायचो. आनसाबाईंना आता चार बोटं कमी पडत होती. नऊ वर्षांत माझ्या हातून एवढं सरळ, डोळ्यांना दिसेल असं दुसरं काही झालेलं नाही. आणि सरांच्या गठ्ठ्यात त्यांचा कागद तळाशी होता, दोनशे बारावा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. पायाळू माणसाने लाथ घातली की पाठीतली उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. लहानपणी अख्खी गल्ली आमच्या उंबऱ्यावर पालथी पडायची आणि आई मला दंडाला धरून त्यांच्या पाठीवर पाय ठेवायला लावायची. ढग गडगडले की मला घरात कोंडायची, कारण पायाळूवर वीज पडते. मोठमोठी माणसं कण्हत उठायची आणि माझ्या पाया पडायची. मला त्याची भयंकर लाज वाटे. मी पुढे जे शिकले, ते अर्धंअधिक त्या उंबऱ्यापासून लांब जाण्यासाठी शिकले.

आनसाबाईंना हे कुठून कळलं कोण जाणे. दर महिन्याला त्यांची गंमत ठरलेली. "चौदा म्हैनं भिंत चढवाय लागलाय मला. एक लाथ घातली असती तर?"

"मी लाथा घालत नाही, आनसाबाई. मी संशोधक आहे."

"मग ऱ्हाऊ द्या. उगं आपलं इच्चारलं."

मंगळवारी चार वाजता मी सकिनाबींच्या घरी गेले. मला नीट झोप लागली नव्हती. त्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या आणि डोकं त्यांच्याहून किंचित डावीकडे होतं.

"जेवलात?"

"घास तोंडात जातोय," त्या म्हणाल्या. "फुडं कुठं जातोय म्हायीत न्हाई. भूक खालीच ऱ्हातीया."

त्यांचा आवाज ओठांपासूनच निघत होता. मी मान खाली घातली आणि लगेच वर केली, कारण त्यांच्यासमोर मान खाली घालणं बरं दिसेना. सुनेने चहा आणला. मी म्हटलं, "नको." तिने तो माझ्या हातात दिलाच.

"पहिलं नको कोण धरतंय का?" सकिनाबी म्हणाल्या.

मी चहा तसाच हातात धरून बसले. माझी चूक काय झाली ते मला तिथे कळलं, आणि स्वतःचाच संताप आला. पंगतीत पहिलं नको कुणी धरत नाही. नको म्हणणाऱ्यालाही ते धरलं जाऊ नये असंच वाटत असतं. मग पहिलं 'काही नाही' मी कसं धरलं? आमच्या बायका दार उघडताना, डोळे पुसताना, भाजलेला हात पाण्याखाली धरताना आधी तेच म्हणतात. माझी आई मरताना तेच म्हणाली होती. एवढं शिकून मी हे विसरले.

मी कप खाली ठेवला. "सकिनाबी, काय होतंय?"

"काही न्हाई."

"काही नाही म्हणजे काय?"

त्यांनी पदर बाजूला सारला. मग हळूहळू सांगायला लागल्या. बावीस वर्षं शिलाईवर वाकून मानेच्या मागे कसा दगड बसलाय, सकाळी तो थंड असतो, दुपारी तापतो, डाव्या कानामागून एक तार निघते आणि करंगळीपर्यंत जाते, सुई ओवताना ती तार कुणीतरी ओढतं. त्या बोलत होत्या तसतशी मान येत होती. आधी मागचा दगड आला, मग ती तार, मग कातडी, मग काळ्या मण्यांचा सर. शेवटी डोकं सरकून नीट बसलं.

"दुखतंय?" मी विचारलं.

"लई," त्या म्हणाल्या. सुनेने विचारलं, भाकरी मी टाकू का. सकिनाबींनी मान हलवून नाही सांगितलं आणि स्वतः उठल्या.

बुधवारी मी हे सरांना सांगितलं. खोली आता वीस फुटांवर आली होती. तपासणीची बाकं शिपायाने व्हरांड्यात उभी करून ठेवली होती.

"एक शून्य तुम्ही खोडलंत," सर खुंटीवरून म्हणाले.

"सगळी खोडायची आहेत. प्रत्येकीला दुसऱ्यांदा विचारायचं, बस."

"तक्त्यात प्रश्न एकदाच आहे."

"तक्ता मी केलाय, सर. तो चुकलाय."

"लोकांना दुखणं नको असतं, मॅडम. तुम्हालाच ते हवंय. तुमची नऊ वर्षं त्याच्यावर उभी आहेत."

हे मला लागलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. दुखणाऱ्या बायका नसत्या तर मी कोण होते? दुपारपर्यंत मी त्या वाक्याभोवती घुटमळत राहिले. मग सरांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मला त्यांचे खांदे हवेत. दुखणं त्यांच्याबरोबर येतं."

"समितीला काही सांगायचं असेल तर लेखी द्या," सर म्हणाले, आणि दुसऱ्यांदा विचारण्यास मनाई असल्याचा आदेश काढला. त्यावर माझी सही घेतली. आदेश वाचला एवढंच त्या सहीचं म्हणणं होतं. बायकांच्या पत्त्यांचे कागद कपाटात गेले आणि किल्ली सरांच्या कोटात.

पण सकिनाबींना पत्ते लागत नव्हते. त्या गल्लीगल्लीत सगळ्यांना ओळखत होत्या आणि दारोदार दुसऱ्यांदा विचारायला केव्हाच निघाल्या होत्या.

संध्याकाळी खोली अकरा फूट झाली. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती जास्त भरली होती. मी टेप दोनदा लावला. सर दिवसभर शून्यं लिहीत होते, तरी भिंत मध्येच थबकायची, थरथरायची आणि मग पुन्हा सरकायची. तिच्या मागून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, फार लांबून आल्यासारखा. भिंतीपलीकडे जागा असायचं काही कारण नव्हतं. असलीच तर ती माझीच आखडलेली खोली होती.

गुरुवारी अकराला आनसाबाई आल्या तेव्हा दार आणि भिंत यांच्यामध्ये दोन माणसं अंग चोरून उभी राहतील एवढीच जागा उरली होती. व्हरांड्याच्या टोकाला समितीची गाडी लागल्याचं शिपायाने येऊन सांगितलं. सरांच्या हातात एकच कागद होता.

"हा झाला की खोली मोकळी," सर म्हणाले.

"खोलीच राहणार नाही," मी म्हटलं.

"तेच ते."

आनसाबाई आत शिरल्या. भिंत त्यांच्या नाकाला टेकत होती. मी म्हटलं, "मागे व्हा, व्हरांड्यात उभ्या राहा."

"का म्हणून?" त्या म्हणाल्या. "भिंत आपणहून जवळ येतीया, तर मी कशाला मागं सरू?"

आणि त्यांनी दोन बोटं भिंतीला टेकवली. हे मला आधी सुचायला हवं होतं. भिंतीच्या जितकं जवळ उभं राहावं, तितका खांदा जास्त उघडावा लागतो. लांबून बोटं वर नेता येतात, पण ती लबाडी असते, माणूस कमरेतून वाकतो. आता वाकायला जागाच नव्हती. बोटं हनुवटीवरून निघाली, पहिल्या तारखा ओलांडून सरांच्या कानाजवळून वर चालली. आनसाबाईंच्या कपाळावर घाम आला होता.

"काय होतंय, आजी?" सरांनी पेन उघडलं.

आनसाबाईंनी मान न वळवता उत्तर दिलं, "रग हाय."

"म्हणजे दुखतं का?"

"दुखतंयबी आणि रगबी हाय."

आमच्या भाषेत रग म्हणजे ठणकाही आणि मस्तीही. मी समासात तो शब्द किमान शंभर वेळा लिहिला असेल आणि दर वेळी त्याचा सहा केला होता.

"आकड्यात सांगा," सर म्हणाले.

"आकडा व्हय? त्यो सुनंनं खोचलाय की केसात."

सरांनी कागद उलटा केला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज मऊ झाला. "वाळवेकर मॅडम, तुम्ही लंगडताय. सकाळपासून बघतोय. काय होतंय?"

"काही नाही," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. त्यांनी आनसाबाईंच्या कागदाच्या पाठीवर माझं नाव घातलं आणि शून्य काढलं. उजवी चप्पल रिकामी झाली. घोट्याखाली काही नव्हतं, आणि खरंच दुखतही नव्हतं. नऊ वर्षं फरशीवर उभं राहून टाचेत जे काही भरलं होतं ते सगळं निघून गेलं. फार बरं वाटलं. मी खोटं सांगणार नाही. क्षणभर मला वाटलं, असू दे.

भिंत पुढे आली आणि माझी छाती दाबली गेली.

"डॉक्टरीनबाई," आनसाबाई म्हणाल्या. बोटं भिंतीवरच होती. "काय हुतंय?"

"काही नाही."

"काही न्हाई म्हंजी काय?"

मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले. "टाच ठणकतेय," मी म्हणाले. "खिळा ठोकल्यासारखी. पोटरीत गोळा येतो. संध्याकाळी जिना चढवत नाही. मला राग आलाय, आनसाबाई. सरांचा आलाय आणि माझा जास्त आलाय. दोनशे अकरा बायका मी दारातून जाताना बघितल्या आणि नोंदी केल्या. मला त्या सगळ्या परत हव्यात." टाच आली. खिळा आला. तळवा आला, मग पाच बोटं एकेक करून चपलेत बसली. दुखणं असं काही उसळलं की मी दाराची चौकट धरली.

भिंत थबकली. तिच्या पलीकडून आता शब्द ऐकू येत होते. एक आवाज सकिनाबींचा होता. काय होतंय? काही न्हाई. काही न्हाई म्हंजी काय? मग दुसरी, मग तिसरी, आणि त्यानंतर किती जणी ते मोजता येईना. भिंतीला दोन्हीकडून रेटा बसत होता. ती मधोमध ताठली होती आणि सरांची खुंटी थडथडत होती.

आनसाबाईंनी तळहात भिंतीवर सपाट ठेवला आणि चाचपून बघितलं, मी रुग्णाची पाठ बघते तसं.

"हिला उसण भरलीया," त्या म्हणाल्या. "बाई, तुमी पायाळू न्हवं?"

"आनसाबाई, मी..."

"म्हायीत हाय. लाथा घालत न्हाईसा." त्यांनी बोटं पुन्हा वर चालवली. लाल रेघेला दोन बोटं कमी होती. "मी काय म्हणतो, दुसऱ्यांदा इच्चारलं असं समजा."

व्हरांड्यात बुटांचे आवाज जवळ येत होते. सर म्हणाले, "मॅडम, ही शासकीय भिंत आहे. विचार करा. तुमची नोकरी आहे."

मी विचार केला. मग उजव्या पायातली चप्पल काढून ठेवली, कारण आई लाथ नेहमी अनवाणी पायाने घालायला लावायची. टाच ठणकत होती.

भिंतीने एक लांब कण्हणं सोडलं आणि ती सरांसकट, रेघांसकट, सावकाश वळून उंबऱ्यावर पालथी पडली. आनसाबाईंची बोटं तिच्या पाठीवर अजून चालतच होती. मी चौकटीला धरलं आणि पाय उचलला.